सूर्यमाळला जाताना चाक केवढे असावे?

नवी गाडी घेताना वरच्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजण्यामागे मॅगव्हील हे एक कारण हमखास असते. चौदा इंची लोखंडी डिस्कच्या जागी पंधरा-सोळा इंची चकचकीत चाके आली की गाडी रुबाबदार दिसते. काहींचे त्यावरही समाधान होत नाही. ते बाहेरून सतरा इंची चाके बसवून घेतात. द्रुतगती मार्गावर हा हौसेचा मामला निभावून जातो. त्याच गाडीने कसाऱ्याहून खोडाळ्याकडे वळले, की कुठे टायरच्या बाजूला फुगा येतो, कुठे चीर जाते, कुठे रिमची कड वाकते. दोष रस्त्याचा असतोच, पण रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर किती ठेवायचे हे आपणच ठरवलेले असते. ते ठरवायचे कसे, हे समजून घेऊ.

वाट कशी आहे

सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातले, समुद्रसपाटीपासून साधारण १८०० फूट उंचीवरचे पठारी गाव. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मुंबईची मंडळी कसारा, विहीगाव, खोडाळा या वाटेने इथे येतात. नाशिककर त्र्यंबक-मोखाड्याकडून येतात, तर पालघर-मनोरकडची मंडळी विक्रमगड, जव्हार करत वर चढतात.

यातली कोणतीही वाट धरली तरी सह्याद्रीचा उतार, वळणे आणि चार महिन्यांचा धुवाधार पाऊस चुकत नाही. डांबर कितीही चांगले घातले तरी पाणी त्याच्याखाली शिरते, खडी सुटते आणि खड्डा पडतो. अशा ताज्या खड्ड्याची कड धारदार असते. दुसरा त्रास साइडपट्टीचा. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की डावी चाके खाली उतरवावी लागतात, आणि पावसाने खचलेली साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली असते. तिसरा धोका पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर. इथला दगड बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. तो फुटतो तेव्हा त्याच्या कडा धारदार निघतात.

या वाटांवर रोज माणसे, भाजी आणि सिमेंट वाहणाऱ्या गाड्यांकडे जरा बघा. बोलेरो, पिकअप, जुन्या जीपा. त्यांच्या चाकात रिम लहान आणि रबर भरपूर दिसते. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५ या मापाचा असतो आणि त्याची बाजू १६१ मिलिमीटर उंच भरते. ज्यांचे पोट गाडीवर आहे त्यांनी निवडलेले चाक असे आहे.

टायरवरचे आकडे

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची कुंडली छापलेली असते. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच.

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के एवढी बाजूची उंची. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ८८ हा भारांक. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो भार पेलावा. एच हे वेगाचे अक्षर. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. मधला ६५ हा आकडा मिलिमीटर नाही, टक्का आहे. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर. ही झाली साइडवॉलची उंची. २२५/४० आर १८ या मापात ती केवळ ९० मिलिमीटर भरते. मोबाइलवरच्या गणकयंत्रावर हा गुणाकार करायला दहा सेकंद लागतात, आणि गाडी विकत घेण्याआधी तो करावाच.

चाकाचा पूर्ण व्यास काढायचा तर रिमचे इंच २५.४ ने गुणायचे आणि त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवायची. १८५/६५ आर १५ चा व्यास ३८१ अधिक २४०.५, म्हणजे सुमारे ६२१ मिलिमीटर.

साइडवॉल नाजूक का असते

टायरचा जो भाग रस्त्याला लागतो त्याच्या रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. खिळा घुसला तरी तिथे पंक्चर काढता येते, ते या पट्ट्यांमुळे. टायरची आतली कड, जी रिममध्ये बसते, तिच्यातही पोलादी तारेचे कडे असते. मधली बाजू मात्र पोलादाविना असते. तिथे रबरात गुंफलेले पॉलिस्टरसारख्या धाग्यांचे एक किंवा दोन थर असतात, एवढेच. गाडी धावताना हीच बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. धक्का पोटात घेते ती तीच. पोलाद घातले तर ती वाकणार नाही आणि गाडीत बसलेल्यांची हाडे खिळखिळी होतील. तेव्हा बाजू मऊ ठेवणे हा काही टायर कंपनीचा कंजूषपणा नव्हे.

धाग्यांचे थर हवेचा दाब पेलून धरतात. ते धागे तुटले की त्या जागी उरते फक्त रबर, आणि आतली हवा त्याला बाहेर ढकलते. आपल्याला दिसतो तो फुगा म्हणजे तुटलेल्या धाग्यांची जागा.

खड्ड्यात नेमके काय होते

चाक खड्ड्यात उतरते तेव्हा सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते बाहेर पडताना, समोरच्या कडेवर आपटल्यावर. त्या क्षणी टायर एका जागी आत दाबला जातो. दाबता दाबता आतली पोकळी संपते आणि बाजूचे रबर रिमची कड व खड्ड्याची कड यांच्यामध्ये अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे सापडते. वरून गाडीचे वजन, पुढून वेग. धागे तिथेच तुटतात. कधी लगेच हवा जाते, कधी दोन दिवसांनी गाडी धुताना फुगा दिसतो.

साइडवॉलची कागदावरची सगळी उंची हा धक्का झेलायला मिळत नाही. रिमची कड साधारण १७ मिलिमीटर वर आलेली असते. खालचे रबर, पट्टे आणि दुमडलेली बाजू यांची जाडी साधारण १५ धरा. गाडीच्या वजनाने टायर आधीच २० मिलिमीटरच्या आसपास बसलेला असतो. हिशोब ढोबळ आहे, पण पन्नासेक मिलिमीटर असे आधीच खर्ची पडलेले असतात. उरते ती खरी शिल्लक. १३२ मिलिमीटरच्या साइडवॉलमध्ये ती ८० उरते. ९२ मिलिमीटरच्या साइडवॉलमध्ये ४०. कागदावर दिसते त्यापेक्षा खरा फरक कितीतरी मोठा, तो असा.

एक गाडी, चार चाके

रस्त्यावर सर्वत्र दिसणारी स्विफ्ट घेऊ. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतात, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. हौशी लोक पुढे जाऊन १९५/५५ आर १६ किंवा २०५/४५ आर १७ बसवतात. या चारही चाकांचा पूर्ण व्यास ६१६ ते ६२२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सारखाच. त्यामुळे गाडीची उंची आणि स्पीडोमीटरचा आकडा यांत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो रबरात.

१४ इंची चाकात साइडवॉल १३२ मिलिमीटर, धक्का झेलणारी शिल्लक अंदाजे ८०.
१५ इंची चाकात साइडवॉल १२०, शिल्लक ६८.
१६ इंची चाकात साइडवॉल १०७, शिल्लक ५५.
१७ इंची चाकात साइडवॉल ९२, शिल्लक ४०.

बाहेरचा घेर तोच राहिल्यावर रिमचा प्रत्येक इंच रबरातूनच वजा होतो. चौदावरून सतरावर गेलेल्या माणसाने धक्का झेलण्याची निम्मी ताकद पैसे देऊन घालवलेली असते.

नुसत्या रिमच्या आकड्यावर जाऊ नका

यावरून लहान रिम चांगली आणि मोठी वाईट असा सरसकट नियम काढला तर तोही फसवा ठरेल. जुन्या अल्टो ८०० ला १४५/८० आर १२ टायर असत. रिम बाराची, पण साइडवॉल ११६ मिलिमीटर. क्रेटाच्या २१५/६० आर १७ मध्ये रिम सतराची असूनही साइडवॉल १२९ आहे. मुळात चाकच मोठे असल्यामुळे तिथे मोठ्या रिमलाही पुरेसे रबर लाभते.

कंपनी एकाच गाडीला दोन मापे देते तेव्हाही प्रत्येक वेळी सारखाच तोटा होत नाही. क्रेटाचे दुसरे माप २०५/६५ आर १६, साइडवॉल १३३. सतराच्या चाकात ती फक्त चार मिलिमीटर कमी होते, आणि त्या बदल्यात पूर्ण चाक १७ मिलिमीटरने मोठे होते. मोठा घेर खड्ड्यात कमी उतरतो, त्यामुळे इथे मोठी रिम घेऊन फारसे बिघडत नाही. इनोव्हा क्रिस्टाचे गणित निराळे. २०५/६५ आर १६ मध्ये साइडवॉल १३३, तर २१५/५५ आर १७ मध्ये ११८. घेर जवळपास तोच आणि रबर १५ मिलिमीटरने कमी. आठ माणसे भरून देवबांधच्या गणपतीला आणि तिथून सूर्यमाळला जायचे असेल तर सोळा इंची क्रिस्टाच बरी. थारमध्ये २४५/७५ आर १६ ची साइडवॉल १८४ आणि २५५/६५ आर १८ ची १६६. दोन्ही भरपूर आहेत. थारवाल्याने रिमपेक्षा हवेची काळजी करावी.

ढोबळ मानाने साइडवॉल १२० मिलिमीटरच्या वर असेल तर जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर साधी गाडी जपून चालवणाऱ्याला पुरते. १०० ते १२० मध्ये असेल तर वेगावर लगाम हवा. १०० च्या खाली गेलात तर प्रत्येक पावसाळ्यात एखाद्या टायरचा खर्च गृहीत धरा.

मोठ्या रिमचे फायदे खरे, पण कुठे

मोठी रिम आणि बसका टायर यांचे फायदे खोटे नाहीत. बाजू कमी वाकते म्हणून वळणावर गाडी नेमकी वळते. रुंद टायरमुळे कोरड्या रस्त्यावर पकड वाढते. मोठ्या रिममध्ये ब्रेकची मोठी डिस्क मावते. ताशी शंभरने समृद्धी महामार्गावर जाणाऱ्याला याचा उपयोग आहे.

घाटात ताशी तीस-चाळीसच्या वेगाने जाताना यातला कोणताही फायदा फारसा हाती लागत नाही. उलट धक्के जास्त बसतात, चाक जड असेल तर सस्पेन्शनवर ताण येतो आणि इंधन थोडे जास्त लागते. शिवाय ओतीव ॲल्युमिनियमची मॅगव्हील फार जोरात आपटली तर तडकू शकते. लोखंडी डिस्क वाकते, पण किरकोळ वाक ठोकून सरळ करता येतो. तडकलेल्या मॅगव्हीलला वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. तसे चाक पुन्हा गाडीला लावू नये.

लहान रिम बसवायची असेल तर

वरच्या मॉडेलची गाडी घेतली आणि आता एक इंच लहान रिम बसवायची आहे, तर एकदम दुकानात जाऊन जुनी डिस्क उचलू नका. काही गोष्टी आधी तपासा.

पहिली, ब्रेक. वरच्या मॉडेलच्या ब्रेकची डिस्क किंवा कॅलिपर मोठा असेल तर लहान रिम त्याला घासते किंवा बसतच नाही. आपल्या गाडीच्या खालच्या मॉडेलला तेच ब्रेक आहेत का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. असतील तर त्या मॉडेलची मूळ लोखंडी डिस्क हा सर्वांत सुरक्षित पर्याय.

दुसरी, पीसीडी आणि ऑफसेट. पीसीडी म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास; स्विफ्टचा तो ४ गुणिले १०० मिलिमीटर. ऑफसेट म्हणजे चाक किती आत वा बाहेर बसते ते माप; तो चुकला तर चाक बाहेर येते किंवा आत घासते, आणि बेअरिंगवर ताण येतो.

तिसरी, रिमची रुंदी. १८५/६५ आर १५ टायरसाठी ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. फार रुंद रिमवर टायर ताणून बसवला की रिमची कड उघडी पडते आणि दगड थेट तिलाच लागतो.

चौथी, पूर्ण व्यास. मूळ चाकापेक्षा तो दोन-तीन टक्क्यांहून जास्त बदलू नये. स्पीडोमीटर, किलोमीटरची नोंद आणि एबीएस हे सगळे मूळ घेरावर बेतलेले असते. पाचवी, भारांक. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कधीही घेऊ नये. त्याच मापात एक्सएल अशी खूण असलेला टायर मिळाला तर तो जास्त दाबाला जास्त भार पेलतो. आयएसआय खूण पाहायला विसरू नका.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांत राहिले की प्रश्नच उद्भवत नाही.

चिरणे हा वेगळा प्रकार

फुगा दाबाने येतो, चीर धारेने पडते. रबर कितीही उंच असले तरी धारदार दगड बाजूला घासला तर ते कापले जाते. तेव्हा इथे चाकाच्या मापापेक्षा चालवणाऱ्याच्या हाताला महत्त्व आहे.

खचलेल्या साइडपट्टीवर चाक उतरले की घाईने तिरपे वर चढवायला जाऊ नका. डांबराची कड टायरच्या बाजूला करवतीसारखी घासत जाते. गाडी सावकाश पुढे न्या, कड जिथे बुटकी दिसेल तिथे स्टिअरिंग थोडे जास्त वळवून चाक कडेशी आडवे आणा आणि मगच वर घ्या. मोरीच्या कठड्याजवळ आणि सिमेंट रस्त्याच्या काठालाही हेच करावे. कच्च्या वाटेवर मोठा दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा की त्याच्यावर चाक घालायचे, हा प्रश्न गाडीच्या पोटाची उंची बघून सोडवावा. दगडाला टायरची बाजू घासत जाणे सर्वांत वाईट.

ऑल टेरेन टायरच्या काही जातींत बाजूचे थर जास्त असतात आणि रबरही जाड असते. रोज कच्च्यावर जाणाऱ्याला ते उपयोगी. वर्षातून दोनदा फिरायला येणाऱ्याने त्यांचे वजन, आवाज आणि किंमत सोसण्याचे कारण नाही.

हवा

चांगल्या मापाचा टायरही हवा कमी असेल तर वाचत नाही. हवेचा दाब कमी म्हणजे टायर आधीच जास्त बसलेला, म्हणजेच वर काढलेली शिल्लक आणखी कमी. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर दोन रकाने असतात: कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघालात तर दुसरा रकाना तुमचा. नेहमीच्या पंपावर 'तीस-तीस मार' म्हणून सांगण्याची सवय इथे महागात पडते.

हवा थंड टायरमध्ये तपासावी, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. टायर तापला की दाब वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले तर साधारण दीड-दोन पीएसआय. कसाऱ्यापर्यंत पळून आलेल्या गाडीत आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढू नका. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला वाळवंटातल्या रेतीसाठी ठीक आहे. दगडधोंड्यांच्या वाटेवर चार-पाच किलोमीटर तसे चालवले तरी टायरची बाजू जाऊ शकते.

वेग आणि ब्रेक

आपटण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात तर ती दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे वरून कळत नाही, म्हणून पाणी दिसले की वेग उतरवलेलाच बरा. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव रात्रभर रंगतो. तो पाहून परतताना दिव्यांच्या उजेडात खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही, तिथेही तेच.

खड्डा अगदी समोर आला तर ब्रेक आधी दाबा आणि चाक कडेला टेकण्याच्या आत सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना गाडीचा पुढचा भाग खाली बसतो, स्प्रिंगचा प्रवास तिथेच खर्च होतो आणि उरलेला सगळा मार टायरला खावा लागतो.

फुगा, चीर, खळगा: ओळखायचे कसे

गाडी उभी असताना प्रत्येक टायरच्या बाहेरच्या बाजूवरून हात फिरवा. आतली बाजू पाहायची तर चाक वळवून टॉर्च मारा. बरेच फुगे आतल्या बाजूला असतात आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत.

बोटाला बाहेर आलेला उंचवटा लागला तर तो फुगा. लहान असो वा मोठा, टायर बदलायचा. त्याला दुरुस्ती नाही, आणि तो फुटतो तेव्हा बहुधा वेगात आणि भाराखालीच फुटतो. चिरेतून धागे दिसत असतील तरीही टायर बाद. वरवरचा ओरखडा असेल आणि धागे दिसत नसतील तर टायरवाल्याकडून चाक काढून आतून तपासून घ्या. आत गेलेली उभी, सरळ, उथळ खळगी मात्र घाबरण्यासारखी नसते. धाग्यांच्या थरांचा सांधा जिथे एकावर एक येतो तिथे ती नव्या टायरवरही दिसते.

वाटेत पंक्चरवाला गेटर, म्हणजे आतून रबरी ठिगळ, टाकून किंवा आत ट्यूब घालून देईल. त्याचा हेतू चांगला असतो, आणि अडलेल्याला मोखाड्यापर्यंत हळूहळू पोहोचायला तो उपाय चालेलही. पण त्यावर घाट उतरून मुंबईला जाऊ नका.

आपटल्यानंतर स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले किंवा विशिष्ट वेगाला थरथरू लागले तर रिम वाकली असेल. नाशिकला किंवा घरी पोहोचल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. टायरच्या नक्षीची खोलीही याच वेळी पाहून घ्यावी. नियमानुसार चारचाकीला ती १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही, आणि झिजलेला टायर दगडाला आधी बळी पडतो.

स्टेपनी आणि विमा

ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर नऊपर्यंत आसनांच्या मोटारीला स्टेपनी सक्तीची नाही. शहरासाठी ही सोय आहे. मात्र त्या संचातला द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागातले खिळ्याचे भोक बुजवतो. बाजूच्या चिरेपुढे तो हात टेकतो. सूर्यमाळच्या वाटेला लागताना स्टेपनी हवी, तिच्यात हवा हवी, आणि जॅक-पाना खरोखर गाडीत आहे का ते घरीच पाहिलेले हवे. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेली ताशी ८० किलोमीटरची मर्यादा ही मोकळ्या रस्त्यासाठी आहे. खड्ड्यात ती निम्म्या वेगानेही जपून न्यावी.

माप निवडताना हेही ध्यानात घ्या, की छोट्या गावातल्या दुकानात सर्रास खपणारे टायर मिळण्याची शक्यता जास्त. हौसेच्या सतरा इंची मापासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत फक्त टायर खराब झाला तर भरपाई मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच मिळते, आणि तीही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. फुगा आणि चीर यांसाठी टायर प्रोटेक्टसारखी जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते. तिच्या अटी वाचून घ्याव्यात.

कोणी काय घ्यावे

जव्हार, मोखाडा, खोडाळा, विक्रमगड या भागात राहणाऱ्या किंवा नोकरीसाठी रोज येणाऱ्या शिक्षक, डॉक्टर, ग्रामसेवकांनी गाडी घेताना कंपनीच्या मापांतले सर्वांत उंच साइडवॉलचे चाक निवडावे, मग त्यासाठी लोखंडी डिस्कचे मॉडेल घ्यावे लागले तरी बेहत्तर. वाचलेल्या पैशांत चांगल्या दर्जाचा पाचवा टायर येतो.

महिन्यातून एखाद्या वेळी इथे येणाऱ्याने कंपनीने बसवून दिलेले चाक बदलू नये. हवा, वेग आणि स्टेपनी एवढे सांभाळले तर ते पुरते. बाहेरून मोठी रिम बसवलेली असेल तर मूळ चाके विकून टाकू नका. पावसाळ्याचे चार महिने तीच गाडीला लावा.

आणि शोरूममध्ये विक्रेता चाकाचे इंच सांगू लागला की त्याला टायरचे पूर्ण माप विचारा, तिथल्या तिथे रुंदी आणि टक्का यांचा गुणाकार करा. उत्तर १२० च्या खाली आले आणि तुमची वाट खोडाळ्यावरून जात असेल, तर एक मॉडेल खालचे दाखवायला सांगा.